घोंगडीखालचं पाणी

पौषात लग्नं नसतात, त्यामुळे मुरबाडला एसटी स्टँडजवळच्या माझ्या शिलाईच्या दुकानात काम कमी आणि गप्पा जास्त होतात. सकाळी शटर उघडताना हात गारठलेले असतात, मशीनचं चाक धरवत नाही. समोरच्या रस्त्यावरून म्हशाच्या जत्रेला निघालेले बैल टेम्पोत उभे राहून जातात, त्यांची शिंगं रंगवलेली असतात आणि डोळ्यांत घाबरल्यासारखं काहीतरी असतं. चार दिवसांनी त्यांना घेऊन गेलेली माणसं जत्रेतून परत येतात, तेव्हा कुणाच्या खांद्यावर नवी काळी घोंगडी असते. दुकानात कुणी अशी घोंगडी घेऊन टेकलं, की तिचा मेंढराचा ओला, उग्र वास सगळ्या कापडांवरून पसरतो. लोकांना त्या वासानं ऊब वाटते. मला मासे आठवतात.

खायचे मासे नव्हेत. शोभेचे मासे, काचेच्या पेटीत ठेवून बघायचे. माझा पाठचा भाऊ मंगेश ते घाऊक विकायचा, म्हणजे एकदोन नव्हे, शेकड्यानं. आमचं माहेर शेणव्याच्या पुढे, डोळखांबच्या वाटेला. तिथं भात, वरकस माळावर नाचणी आणि घरापुरती भाजी, यापलीकडे कुणी काही पिकवल्याचं ऐकिवात नाही. मंगेशनं विहिरीच्या कडेला पत्र्याची शेड घातली, आत सिमेंटच्या टाक्या बांधल्या आणि मासे पिकवले. मुंबईचा एक व्यापारी त्याच्याकडून माल उचलायचा आणि पुढे दुकानांना द्यायचा. आपल्या शेडमधला मासा शेवटी कुणाच्या दिवाणखान्यात जाऊन पोहतो, याचा मंगेशला कधी पत्ता लागला नाही. कुणाचं घर असेल, तिथली मुलं त्याला काय नाव ठेवत असतील, असं मी विचारलं की तो म्हणायचा, "ताई, तू बटन लावलेला शर्ट कुठं कुठं जातो ते तुला ठाऊक असतं काय?"

गावात मात्र या धंद्याची चेष्टाच झाली. आमच्याकडं पावसाळ्यात चढणीचे मासे धरायला अख्खा पाडा ओहोळावर लोटतो. त्या लोकांनी मंगेशच्या टाकीत डोकावून पहिला प्रश्न विचारला तो हाच, "खायाला कसं लागतात रे?" खायचे नाहीत म्हटल्यावर त्यांना वाटे पोरगा काहीतरी लपवतोय. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायचे ते आमचे बाबा.

"जो मासा कालवणात पडत नाय तो मासा कसला?" ओट्यावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. "माझ्या पोरानं बिनकामाचं मासं पाललंत. त्यांना खायाला घालतो, नि सवता डाळभात खातो."

मंगेश ऐकून घ्यायचा. तो आसनगावच्या एका कंपनीत कंत्राटावर होता. पाळी संपवून आला की चहा न पिताच शेडमध्ये शिरायचा. बाबा ओट्यावर, तो शेडमध्ये, मध्ये अंगण. त्या अंगणातून दोघांचं बोलणं आईमार्फत जायचं. "त्याला म्हणावं, विहिरीचं पाणी माझ्या भाजीला ठेव." "बाबांना सांग, आठवड्यातून एकदाच बदलतो पाणी." आई बिचारी दोन्हीकडचा निरोप नेताना दोन्हीकडचा तिखटपणा काढून टाकायची.

शेड मात्र चालायची ती वैशालीच्या हातानं. वैशाली म्हणजे मंगेशची बायको. कंपनीच्या पाळीत नवरा दिवसभर बाहेर, मग पिल्लांना खायला घालायचं कुणी? तिनं शेणाच्या पाण्यात बारीक किडे वाढवायला शिकून घेतलं. मोहरीच्या दाण्याहून बारीक, पाण्यात उड्या मारत चालणारे. फडक्यातून गाळून ते टाकीत सोडले की पिल्लं पावसाच्या थेंबांसारखी सगळीकडून वर यायची. बाबांना त्याचाही राग. "शेतात जायाचं शेण माशांच्या पोटात चाललं," असं ते म्हणायचे. वैशाली पदर डोक्यावर सारून आत निघून जायची आणि दुसऱ्या दिवशी पाटी भरून पुन्हा शेण न्यायची. शाळेजवळच्या देशी बदामाची सुकलेली पानंही ती वेचून आणायची. ती टाकली की पाणी चहासारखं तांबूस होतं आणि त्यात मासे खूश असतात, असं मंगेश सांगायचा. ते पानं घातलेलं पाणी मला फार आवडायचं. उन्हाची तिरीप पत्र्याच्या भोकातून त्यात पडली की आतला मासा क्षणभर पेटल्यासारखा दिसायचा.

माल जायचा त्याच्या आदल्या दिवशी माशांना उपाशी ठेवायचं. पोटात काही असलं तर पिशवीतलं पाणी घाण होतं आणि वाटेत मासे दगावतात. आई म्हणायची, "आज माशांची एकादशी." दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, त्यात मासे आणि वर ऑक्सिजनच्या नळीनं फुगवलेली हवा, मग तोंडाला पीळ देऊन दुहेरी रबर. मी माहेरी असले की रबर लावायचं काम माझ्याकडे. बोटांना पीळ द्यायची सवय होती ना. फुगलेल्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात एकमेकींना चिकटून बसायच्या. खोकं बंद करण्याआधी वैशाली एकदा वाकून बघायची. सासरी जाणाऱ्या मुलीच्या पिशवीत राहिलंसुरलं काही घालावं तसा तिचा चेहरा व्हायचा, पण घालायला काहीच नसायचं.

हे सगळं मी आता सांगतेय, तर किती सुखाचं वाटतंय. तेव्हा ते तसं वाटत नव्हतं. चिडचिड होती, दमणूक होती, मेलेल्या मालाचे पैसे व्यापारी कापून घ्यायचा त्याची भांडणं होती. पण एक टाकी होती, तिच्यापाशी गेलं की सगळे गप्प व्हायचे. ती एंजलची. चपटा, त्रिकोणी मासा, चांदीच्या अंगावर काळे पट्टे आणि वरखाली लांब झुळझुळीत पर. मंगेशनं कितीतरी पिढ्या निवडून निवडून ते पर लांब केले होते. एंजलची जोडी आपण ठरवून लागत नाही. पुष्कळ मासे एकत्र सोडायचे आणि वाट बघायची. मग कधीतरी दोघं बाजूला होतात, एक कोपरा धरतात आणि बाकीच्यांना हाकलून देतात. "पत्रिका नाय, बैठक नाय, मानपान नाय," मंगेश म्हणायचा. अशा जोडीला अंडी घालायला उभी सपाट जागा लागते. त्यासाठी मंगेशनं आमच्या जुन्या छपराची उतरवलेली कौलं टाकीत उभी केली होती.

त्या कौलांमुळंच बाबा शेडमध्ये आले. ओट्यावरून त्यांना आपलं कौल पोरगा पाण्यात घालताना दिसलं आणि ते तरातरा अंगण ओलांडून गेले. "माझ्या घराचं कौल पान्यात कशाला रं?" मी तिथंच होते. मंगेशनं नुसतं बोट दाखवलं. शेजारच्या टाकीतल्या कौलावर अंडी चिकटलेली होती, साबुदाण्याहून बारीक, ओळीनं. त्यांच्यासमोर मादी एकाच जागी उभी राहून परांनी वारा घालत होती. अंडी बुरसू नयेत म्हणून ते दोघं पाळीपाळीनं असं पाणी हलवत ठेवतात. बाबा वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"ही काय करतेय?"

"वारा घालते. ती दमली की तो घालतो."

"रातभर?"

"रातभर."

बाबा उभे राहिले, कौलाबद्दल एक शब्द बोलले नाहीत आणि ओट्यावर जाऊन बसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये बादली उपडी घालून तिच्यावर बसलेले दिसले. मग रोजच. आई मला फोनवर हसत सांगायची, "तुझा बाप माशांकडं जातो गो. मला सांगतो, गाय बघून येतो." महिन्याभरात त्यांनी लपवणंही सोडलं. मंगेश कामावरून आला की ते विचारायला लागले, "आज पाटलीण जेवली नाय, काय झालं तिला?" पाटलीण म्हणजे ती वारा घालणारी मादी. कौलाच्या दिवशीची ती चार वाक्यं सोडली, तर आईच्या मध्यस्थीवाचून बापलेकांत झालेलं, मला आठवतं तेवढ्यातलं, ते पहिलं बोलणं. विषय कुठलाही असो, बोलणं झालं याचाच आम्हाला आनंद.

त्या वर्षीची थंडी मात्र वेगळी होती. सकाळी वाफ्यांतली पानं पांढुरकी दिसायची, विहिरीवर वाफ उठायची. हे मासे मूळचे उष्ण मुलखातले, पाणी गार झालं की त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके उठतात, मग ते झुरतात. मंगेशनं टाक्यांत हीटर सोडले होते. वीज जायची तेव्हा टाक्यांवर प्लास्टिक अंथरायचा. आणि नेमकी तीच वेळ त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत महत्त्वाची होती. मुंबईचा व्यापारी येऊन एंजल बघून गेला होता. लांब परांचं ते बियाणं त्याला इतकं आवडलं, की जत्रेनंतर येतो, या जोड्यांची पिल्लं वर्षभर मीच उचलतो, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, असं तो म्हणून गेला. तसं झालं असतं तर मंगेश कंपनी सोडून नुसत्या माशांवर जगणार होता. वैशालीनं आणखी टाक्या कुठं बांधायच्या, ती जागा झाडूनसुद्धा ठेवली होती.

बाबा दरवर्षी जत्रेला माझ्याकडे मुक्कामाला यायचे. म्हसा मुरबाडपासून जवळ. मी त्यांच्याबरोबर जत्रेत जायचे, ते बैलांचे दात बघत हिंडायचे आणि मी भांडी. त्या वर्षी त्यांनी बैल बघितले नाहीत. सरळ घोंगडीवाल्यांच्या रांगेत गेले. एकेक घोंगडी उलगडून, दोन हातांत ताणून, उजेडाकडं धरून बघायला लागले.

"स्वतःला घेताय का?" मी विचारलं.

"माझी हाये की अजून."

"मग मंगेशला?"

"मंग्याच्या माशांना," ते म्हणाले. घोंगडीवाला हसला. मीही हसले. बाबा हसले नाहीत. "पलास्टिकनं कुठं ऊब येते काय? ऊब लोकरीचीच. पाटलीण थंडीनं मरंल, नि तो येपारी येऊन काय बघंल?"

दोन चांगल्या रुंद घोंगड्या त्यांनी निवडल्या. नव्या घोंगडीला विणताना चिंचोक्याची खळ देतात, म्हणून ती पुठ्ठ्यासारखी ताठ असते, जमिनीवर उभी राहील अशी. आमच्याकडं ती कुणी धूत नाही. शेतावर, पावसात ती अंगावरच भिजते, दोन पावसाळ्यांत खळ निघून जाते आणि मग मऊ होते. निघून जाणारी खळ जाते शेतात, ओहोळात. ती कुठं जाते, हे बघायची कुणाला कधी गरज पडलेली नसते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर माहेरी गेले. एसटीत त्यांनी घोंगड्यांचा गठ्ठा मांडीवरून खाली ठेवू दिला नाही. घरी गेल्यावर हातपाय न धुता शेडमध्ये शिरले, प्लास्टिक बाजूला केलं आणि एंजलच्या दोन मोठ्या टाक्यांवर दोन घोंगड्या स्वतःच्या हातानं अंथरल्या. तान्ह्या बाळाला लपेटावं तशा कडा सारख्या केल्या. मंगेश पाळीवरून आला तेव्हा ते तिथंच बादलीवर बसले होते. मंगेश दारात थांबला. घोंगडीचा मधला भाग वजनानं खाली गेला होता, पाण्याला टेकला होता. ते त्यानं बघितलं, मीही बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं तर त्याचे डोळे भरले होते.

"मध्ये पाण्याला लागतेय रे," मी हळू म्हटलं.

"लागू दे," तो म्हणाला. "लोकरच हाय ना. बाबांनी घातलीय, राहू दे."

जत्रेतून त्याच्यासाठी त्याच्या बापानं आणलेली ती पहिली वस्तू होती, असं वैशाली मागून मला म्हणाली. लहानपणी पिपाणीसुद्धा आणली नव्हती. बाबांकडं तेव्हा पैसेही नव्हते आणि लाडही नव्हते.

दोन रात्री घोंगड्या तशाच राहिल्या; ऊब जाऊ नये म्हणून दिवसाही कुणी उचलल्या नाहीत, कोपऱ्यातून खाणं टाकलं तेवढंच. तिसऱ्या सकाळी वैशालीची हाक ऐकून मी धावत शेडमध्ये गेले. मंगेश टाकीवरची घोंगडी उचलून उभा होता. घोंगडीतून पाणी निथळत होतं. खालचं पाणी पेजेसारखं पांढरं झालं होतं आणि त्याला आंबूस वास येत होता. पाण्याच्या अगदी वर तोंडं काढून थोडे मासे श्वास घेत होते. बाकीचे आडवे पडले होते. लांब पर चुरगळलेल्या जरीसारखे दिसत होते. पाटलीण कौलाशीच होती. दुसऱ्या टाकीतही तेच.

मंगेशनं पाण्यात हात घातला आणि बोटं एकमेकांवर चोळली. मीही घातला. माझा जन्म कापडात गेलाय, नव्या कापडाची खळ बोटांना कशी लागते ते मला झोपेतसुद्धा कळेल. बुळबुळीत, चिकट. खळ उतरली होती, पाण्यात आंबली होती, आणि माशांचा श्वास कोंडला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मंगेशनं माझ्याकडं बघून मान हलवली. अंगणातून बाबांच्या वहाणांचा आवाज येत होता.

बाबा आले, त्यांनी पाहिलं. काही वेळ त्यांना काही उमगलंच नाही. मग म्हणाले, "काय झालं रं?"

"थंडीनं गेले बाबा," मंगेश म्हणाला.

"घोंगडी व्हती ना वर?"

"होती. पण थंडीच लई पडली. तुमी होतात म्हणून एवढे तरी वाचले."

"नि पानी असं पांढरं?"

"मासे मेले की होतं तसं."

वैशाली पदर तोंडात धरून बाहेर गेली. बाबा टाकीच्या कडेला दोन्ही हात टेकून उभे राहिले. आमच्या बाबांना मी रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही आवाज नव्हता, नुसतं पाणी गालावरून वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मेलेले मासे त्यांनीच टोपलीत काढले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बांधाजवळ खड्डा घेऊन पुरले. आमच्याकडं माशाला कुणी पुरत नाही.

जे वाचले होते तेही आठवड्यात एकेक करून गेले. व्यापारी आला, चहा प्याला, रिकाम्या टाक्या बघितल्या, "बॅड लक, मंगेशभाऊ, पुन्हा बियाणं तयार झालं की फोन करा," म्हणाला आणि गेला. मंगेशला पुन्हा सुरुवात करता आली असती. कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत त्या जातीची थोडी पिल्लं होती. वैशाली तयार होती. पण बाबांनी त्याला संध्याकाळी ओट्यावर बोलावलं, स्वतःशेजारी बसवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मंग्या, पोरा, आता नको आणू. आपल्या हिकडची थंडी त्यांना सोसत नाय. लांबच्या मुलखाचा जीव तो. आपन कायबी पांघरलं तरी मरतीलच. माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा नको."

बाबा चेष्टा करत होते तोवर मंगेश त्यांच्या विरुद्ध जाऊन टाक्या बांधू शकला. ओरडले असते तर पुन्हा बांधल्या असत्या. पण त्यांनी पाठीवर हात ठेवला, आणि थंडी सोसत नाही हे खोटं आहे, असं सांगायचं तर मग खरं काय ते सांगावं लागलं असतं. मंगेश "बरं" म्हणाला. मी दारात उभी होते. ते "बरं" मला अजून ऐकू येतं. बापाला वाचवायला तो एक वाक्य बोलला आणि त्या वाक्यात स्वतःच बंद झाला. किती वेळा मनात येतं, त्यानं त्या पहिल्या संध्याकाळी घोंगडी उचलून दोरीवर टाकली असती तर? पण त्याच्या जागी मी असते तरी उचलली नसती. बापानं आयुष्यात पहिल्यांदा घातलेलं पांघरूण कोण उचलतं?

काचेच्या पेटीतली पिल्लं त्यानं कल्याणच्या एका दुकानाला देऊन टाकली. हीटर माळ्यावर गेले. कंपनीचं कंत्राट संपल्यावर तो पडघ्याला एका मोठ्या गोदामात लागला. तिथंच खोली घेऊन वैशाली आणि तो राहतात. खोक्यांवर लाल उजेडाचं यंत्र फिरवून नोंद करायची, असं काम. पगार वेळेवर होतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एकदा सहज म्हणाला, थर्माकोलचं खोकं हातात आलं की अजूनही ते आडवं धरवत नाही, आत पाणी असल्यासारखं सरळच उचललं जातं. बरोबरची माणसं हसतात. खोक्यात असतात मिक्सरची भांडी.

बाबा त्या दोन घोंगड्या पांघरत राहिले. एक फाटली, दुसरी पावसात भिजून, उन्हात वाळून जुन्या लुगड्यासारखी मऊ झाली. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ते आता वेगळं सांगतात. "थंडीनं माझ्या पोराचा धंदा नेला. मोठा येपारी व्हता तो. मुंबईची मानसं यायची." सणासुदीला आलेला मंगेश ते ऐकताना चपला शोधायला लागतो. वैशाली आत जाते. आणि आई, तिला काही ठाऊक आहे की नाही, मला कधी कळलं नाही.

यंदा जत्रेत बाबांनी नवी घोंगडी घेतली. उरलेल्या जुनीलाही मध्ये भोक पडलं होतं. पण नवी मानेला टोचायला लागली. वय झालं, कातडी पातळ झाली. आई म्हणाली, "आता कुठं पावसात भिजवत बसाल? पाण्यात बुडवून ठेवा नि वाळवा." मी त्यांना सोडायला माहेरी गेले होते. शेडमध्ये आता गवताच्या पेंढ्या असतात, एंजलची एक टाकी तेवढी गाईच्या पाण्याला वापरतात. बाबांनी नवी घोंगडी उचलली आणि त्या टाकीत बुडवली.

मी अंगणात तांदूळ निवडत होते. बराच वेळ झाला तरी ते आले नाहीत म्हणून बघायला गेले. दुपार होत आली होती, पत्र्याच्या भोकातून ऊन टाकीवर पडलं होतं. पाणी पेजेसारखं पांढरं झालं होतं. बाबा दोन्ही हात कडेला टेकून उभे होते, त्या दिवशी होते तसेच. मग त्यांनी पाण्यात हात घातला आणि बोटं एकमेकांवर चोळली.

"सुमे," ते म्हणाले. "ही खळ हाय."

मी घोंगडीचं टोक धरून ती बाहेर ओढायला लागले.

"ते पानी असंच व्हतं."

"बाबा, झाली त्याला वर्षं."

"मंग्याला ठाव व्हतं?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण मंगेशसारखं मला जमलं नाही. माझा चेहराच सांगून गेला. बाबा बादली शोधायला लागले. उपडी घालून बसायला. ती बादली तिथं आता नव्हती. ते खाली जमिनीवरच बसले.

संध्याकाळी त्यांनी मला फोन लावायला सांगितलं. मी तो लावला आणि बाजूला जाऊन आधी मंगेशच्या कानावर सगळं घातलं. तो एकदम म्हणाला, "तू सांग ना त्यांना ताई, थंडीनंच गेले म्हणून. अजून सांग." मागं गोदामातली गाडी मागे घेताना वाजते तशी शिट्टी वाजत होती. मी फोन बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"मंग्या," ते म्हणाले, "घोंगडी धुतली रे मी."

पलीकडं ती शिट्टी वाजून थांबली. मग, "बरं केलंत बाबा." फोन कुणी बंद केला ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुरबाडला परत निघाले होते. बाबा घरात नव्हते. शेडमध्ये गेले तर गवताच्या पेंढ्या बाहेर काढलेल्या, टाकी नारळाच्या काथ्यानं घासून लख्ख केलेली, विहिरीचं ताजं पाणी काठोकाठ भरलेलं. वर आडव्या बांबूच्या काड्या घातल्या होत्या, पांघरूण पाण्याला टेकू नये म्हणून. आणि काड्यांवर त्यांची जुनी, भोक पडलेली घोंगडी नीट अंथरली होती. बाबा शेजारी उभे होते, हात गारठून लाल झालेले.

"आता हिच्यातनं काय उतरायचं नाय," ते म्हणाले. "मंग्याला सांग."

मी सांगते म्हटलं. मंगेश येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. त्याची मुलं तिकडच्या शाळेत, वैशालीला तिकडंच काम लागलंय, आणि लांब परांचं ते बियाणं आता कुठंच उरलेलं नाही. मी घोंगडीचा एक कोपरा उचलून आत पाहिलं. पाणी तळापर्यंत स्वच्छ होतं. आत एकही मासा नव्हता. मधोमध बाबांनी घराचं एक कौल उभं करून ठेवलं होतं.

"कोपरा खाली घे गो," बाबा म्हणाले. "थंडी शिरंल."